फाशांचं चित्र आणि दुधाळ्याचं कडं

ही कृती संगणकाच्या चित्रकलेची आहे, पण तिला संगणक लागत नाही. १९६० च्या दशकात काही अभियंत्यांनी आणि मोजक्या चित्रकारांनी खोलीभर पसरलेल्या यंत्रांकडून जशी चित्रं काढून घेतली, तशीच आपण फासे, ग्राफ पेपर, टाचण्या आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या सामानात काढायची. कृती पुरी झाल्यावर दोन वस्तू हाती येतील. एक, भिंतीला लावता येईल असं चित्र. दुसरी, पाच सेकंदांची फिल्म. तिचा विषय हिंगोली जिल्ह्याबाहेरून आणावा लागत नाही, तो औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्यातच आहे.

संगणकाशिवाय संगणकाचं चित्र, हे ऐकून कुणाला ही पळवाट वाटेल. पण ज्यांचं नाव या कलेत आदराने घेतलं जातं त्या वेरा मोल्नार यांनी सुरुवात अशीच केली. जन्म बुडापेस्टचा, आयुष्य पॅरिसमध्ये गेलं. १९५९ पासून त्या स्वतःला एका काल्पनिक यंत्राच्या जागी ठेवून चित्रं काढत. आधी नियम लिहायचा, मग मनाला न विचारता तो पाळायचा. खरा संगणक त्यांच्या हाताला १९६८ मध्ये लागला. आपल्या मुंबईतही असं एक उदाहरण आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभारलं आणि १९७० च्या सुमारास ‘सिझिजी’ नावाची मूक फिल्म केली. तिच्यातल्या रेघा आणि भूमिती आकड्यांच्या नियमांनी चालते. चित्रं हाताने काढलेली, त्यांना हालचाल दिली राम मोहन यांनी. त्या वेळी मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सीडीसी ३६०० हा मोठा संगणक १९६४ पासून चालू होता. फिल्म मात्र कागदावर झाली. माझ्या मते पदमसींचं त्यामुळे काही अडलं नाही, कारण या कलेचं मूळ यंत्रात कमी आणि नियमात जास्त आहे.

सामान

ग्राफ पेपरचे चार-पाच ताव, पांढरी कार्डशीट, जुन्या वहीचा पुठ्ठा, टाचण्या, कंपासपेटी, एक टूथपिक, कोनमापकाच्या दोन झेरॉक्स प्रती, आणि दोन रंगांचे दोन फासे. दोन्ही फासे एकाच रंगाचे असतील तर एकावर नेलपॉलिश लावा. आपण एकाला लाल म्हणू, दुसऱ्याला पांढरा.

माणसं चार हवीत. एक फासे टाकणारा, एक हिशेब करणारा, एक लिहिणारा, एक काढणारा. एकट्यानेही होतं, पण एकटा माणूस मध्येच लबाडी करतो. लबाडी म्हणजे काय ते पुढे येईल.

पहिलं चित्र: ढासळणारे चौकोन

हे चित्र गेओर्ग नेस यांच्या वाटेने जाणारं आहे. नेस जर्मनीत एर्लांगेनला सीमेन्स कंपनीत काम करत. फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला, तत्त्वज्ञ माक्स बेन्स यांच्या पुढाकाराने, त्यांची संगणकाकडून काढलेली चित्रं मांडली गेली. असं जाहीर प्रदर्शन जगात त्याआधी झालं नव्हतं. पाहायला आलेले चित्रकार इतके चिडले की त्यांची समजूत काढायला बेन्स यांना या चित्रांसाठी ‘कृत्रिम कला’ असं वेगळं नाव सुचवावं लागलं. नेस यांचं सर्वांत ओळखीचं चित्र १९६८ च्या सुमाराचं. नावाचा अर्थ खडी. आडवे १२ आणि उभे २२ चौकोन. वरची ओळ फरशी बसवल्यासारखी सरळ, आणि खाली येता येता चौकोन कलंडत, सरकत जातात. आपण आकार लहान घेऊ: आडवे ८, उभ्या १२ ओळी, चौकोनाची बाजू दीड सेंटिमीटर.

ग्राफ पेपरवर आठ-आठ टिंबांच्या बारा ओळी पेन्सिलने द्या. प्रत्येक टिंब शेजारच्यापासून १५ मिलिमीटरवर, आडवंही आणि उभंही. घरात कुणी ठिपक्यांची रांगोळी काढत असेल आणि उदबत्तीने भोकं पाडलेला कागद जपून ठेवला असेल तर मुलांना तो आधी दाखवा. ठिपके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून माणूस काय युक्ती काढतो ते त्यात दिसतं; नेस यांच्या आरेखन-यंत्रालाही हुकूम जायचा तो भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरूनच.

ओळींना नंबर द्या, पण सुरुवात शून्याने करा. सगळ्यात वरची ओळ ०, सगळ्यात खालची ११. हा नंबर फार महत्त्वाचा आहे, कारण तोच गोंधळाचं माप आहे.

आता नियम. प्रत्येक चौकोनासाठी दोन्ही फासे तीनदा टाकायचे. दर वेळी लाल फाशाच्या आकड्यातून पांढऱ्याचा आकडा वजा करायचा. उत्तर उणे ५ ते अधिक ५ यांच्यात येतं.

पहिल्या फेकीतून कोन: वजाबाकी गुणिले ओळीचा नंबर, इतके अंश. अधिक असेल तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, उणे असेल तर उलट.

दुसऱ्या फेकीतून आडवं सरकणं: वजाबाकी गुणिले ओळीचा नंबर, भागिले १०, इतके मिलिमीटर. अधिक म्हणजे उजवीकडे.

तिसरीतून उभं सरकणं, हिशेब तोच. अधिक म्हणजे खाली.

एक चौकोन करून दाखवतो. ओळ ६. पहिल्यांदा लाल ५, पांढरा २, वजाबाकी ३, कोन १८ अंश, उजवीकडे कलता. दुसऱ्यांदा लाल १, पांढरा ४; उणे ३; म्हणजे उणे १.८ मिलिमीटर, जवळच्या पूर्ण आकड्यात डावीकडे २. तिसऱ्यांदा लाल ६, पांढरा ५, अधिक १, ०.६ मिलिमीटर, म्हणजे खाली १. वहीत एका ओळीत लिहा: ६, चौकोन क्रमांक, १८, उणे २, १.

शून्याच्या ओळीत काहीही गुणलं तरी शून्यच, म्हणून तिथे फासे टाकायची गरज नाही. उरलेले ८८ चौकोन, प्रत्येकी तीन फेकी, एकूण २६४. मुलांना हा आकडा आधी सांगू नका.

सगळे आकडे वहीत उतरल्याशिवाय पेन्सिल चित्राला लावायची नाही. ही अट उगाच घातलेली नाही. त्या काळी काम दोन टप्प्यांत व्हायचं: यंत्र हिशेब करून आकडे काढायचं, मग ते आकडे आरेखन-यंत्राकडे जायचे, आणि तोवर चित्र कसं दिसणार हे कुणालाच ठाऊक नसायचं. पडद्यावर बघत बघत दुरुस्ती करण्याची सोय बहुतेकांना नव्हती. आकडे आणि चित्र वेगळे ठेवले की मुलांनाही ती उत्सुकता कळते. वहीची पानं आकड्यांनी भरतात आणि त्यात चित्र कुठेच दिसत नाही.

मग काढणाऱ्याचं काम. वहीत पाहून ग्राफ पेपरवर प्रत्येक टिंब नव्या जागी सरकवा. ग्राफवर मिलिमीटरच्या रेघा छापलेल्या असल्याने मोजपट्टी लागत नाही. ग्राफ पेपर कार्डशीटवर ठेवून चारी कोपरे चिकटपट्टीने पक्के करा आणि नव्या टिंबांवर टाचणी टोचा. ग्राफ काढला की कार्डशीटवर बारीक भोकं उरतात. तेच चौकोनांचे मध्य.

पुठ्ठ्याचा १५ मिलिमीटरचा चौकोन कापा, मधोमध टाचणीचं भोक पाडा, आणि वरच्या बाजूवर टूथपिक अशी चिकटवा की ती मध्यापासून निघून चौकोनाच्या एका बाजूच्या बरोबर मधून बाहेर जाईल. हा झाला काटा. कोनमापकाच्या दोन झेरॉक्स प्रती पाठीला पाठ जोडून पूर्ण गोल तबकडी करा, आकडे वरून शून्याने सुरू होतील असे पुन्हा लिहा, आणि मधला भाग गोल कापून टाका. भोकावर चौकोन टाचणीने बसवा, भोवती तबकडी ठेवा, शून्य कार्डशीटच्या वरच्या कडेकडे. काटा लिहिलेल्या अंशावर आणा आणि चौकोनाभोवती पेन्सिल फिरवा. टूथपिक आड येते तिथली बारीक फट नंतर हाताने जोडा. शेवटी काळ्या बॉलपेनने सगळं पक्कं करा. आरेखन-यंत्राची रेघही अशीच एकसारख्या जाडीची असे, म्हणून स्केचपेन नको.

आता लबाडीबद्दल. सहाव्या-सातव्या ओळीत कधीतरी सलग तीन-चार चौकोन जवळजवळ सरळच येतात आणि कुणीतरी म्हणतं, “हे बरोबर दिसत नाही, परत टाकू.” परत टाकायचं नाही. दोन फाशांची वजाबाकी शून्य येण्याच्या वाटा ३६ पैकी ६ आहेत आणि अधिक ५ येण्याची वाट एकच, त्यामुळे सरळ चौकोन जास्त आणि फार कलंडलेले थोडे, हे ठरलेलंच आहे. नेस यांच्या यंत्रात सगळ्या किमतींना सारखी संधी होती. आपलं चित्र त्यामुळे थोडं सौम्य निघतं. ते तुम्हाला सपक वाटलं तर नियम बदला. १० ऐवजी ५ ने भागा, किंवा ओळीच्या नंबराऐवजी त्याचा वर्ग घेऊन कोनाला १० ने भागा, म्हणजे वरचा अर्धा भाग शांत राहील आणि खाली एकदम पडझड होईल. पण नियम बदलला की सगळं चित्र पुन्हा काढायचं. एक चौकोन आवडला नाही म्हणून तेवढाच हलवला तर ते चित्र नेस यांच्या जातीचं राहत नाही, साधं हातचं चित्र होतं. या कामातली कलाकारी नियम निवडण्यात आहे, आणि मोल्नार यांनी वर्षानुवर्षं हेच केलं: चौकोन तेच, नियमातला एक आकडा थोडा पुढे, पुन्हा चित्र, पुन्हा थोडा पुढे.

जोडीला एक छोटा प्रयोग अवश्य करा. पाचव्या मुलाला हे चित्र न दाखवता सांगा की आठ गुणिले बारा चौकोन काढ आणि खाली जाताना ते मनाला येतील तसे विस्कट. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. मनाने विस्कटणारा एकाला डावीकडे कलवलं की पुढच्याला हटकून उजवीकडे कलवतो; एकाच दिशेने सलग चार चौकोन तो सहसा काढत नाही. फासे बिनदिक्कत काढतात. मग वर्गाला विचारा, कोणतं आवडलं आणि फाशांचं कोणतं. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेतले मायकेल नोल यांनी असाच प्रश्न विचारला होता. मॉन्द्रियान या डच चित्रकाराच्या १९१७ च्या एका रेघांच्या चित्रासारखं चित्र त्यांनी १९६४ मध्ये संगणकाकडून काढून घेतलं आणि दोन्हींच्या प्रती शंभर लोकांना दाखवल्या. ५९ जणांना संगणकाचं चित्र जास्त आवडलं. संगणकाचं कोणतं हे फक्त २८ जणांना बरोबर ओळखता आलं.

दुसरं काम: दुधाळ्याचं कडं

संगणकाने काढलेल्या अगदी पहिल्या फिल्मांपैकी एक कलेसाठी नव्हतीच. १९६३ मध्ये बेल प्रयोगशाळेतले एडवर्ड झेजॅक यांना एक प्रश्न होता: पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची एक बाजू सतत पृथ्वीकडे राहील का? समीकरणं होती, आयबीएम ७०९० हे यंत्र उत्तरंही देत होतं. पण उत्तर म्हणजे आकड्यांचे गठ्ठे. त्यातून उपग्रह डोलतो कसा आणि स्थिरावतो कसा, हे डोळ्यांपुढे येईना. म्हणून त्यांनी त्या आकड्यांची चित्रं यंत्राकडूनच फिल्मवर उतरवून घेतली. उपग्रह म्हणजे साधी पेटी, नुसत्या रेघांची. त्याच प्रयोगशाळेत केन नोल्टन यांनी त्याच वर्षी बेफ्लिक्स ही फिल्मा काढायची खास संगणकभाषा तयार केली.

हिंगोली जिल्ह्याला झेजॅक यांच्या प्रश्नासारखाच प्रश्न मिळालेला आहे. दुधाळ्याला लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. त्यांतून लेझरचा किरण जाणार आणि टोकाच्या आरशांवरून परत येणार. लहर गेली की एक बाहू किंचित लांब होतो आणि दुसरा आखूड, मग उलट. किंचित म्हणजे प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी कमी. हे शब्दांत सांगितलं की पोरं माना डोलावतात. डोळ्यांनी बघितलं की प्रश्न विचारतात.

ग्राफ पेपरच्या मध्यात मूळबिंदू घ्या. त्याभोवती ४० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर १६ बिंदू. हेच आपलं कडं. त्यांतले उजवीकडच्या वरच्या पावातले पाच पुरे, बाकीचे चिन्हं बदलून मिळतात:

(४०, ०), (३७, १५), (२८, २८), (१५, ३७), (०, ४०)

लहर जाताना आडवं अंतर ज्या प्रमाणात वाढतं, उभं त्याच प्रमाणात घटतं. आपण जास्तीत जास्त ताण २० टक्के धरू. एका पूर्ण हेलकाव्याचे १२ भाग केले तर प्रत्येक भाग ३० अंशांचा, आणि साइनच्या कोष्टकातून किमती येतात: ०, ०.५, ०.८७, १, ०.८७, ०.५, ०, मग याच उणे. दहावीच्या मुलांना या किमती तोंडपाठ असतात, कशासाठी ते बहुधा माहीत नसतं.

०.५ साठी आडव्याला १.१० ने गुणा, उभ्याला ०.९० ने: (४४, ०), (४१, १४), (३१, २५), (१७, ३३), (०, ३६).

०.८७ साठी १.१७ आणि ०.८३ च्या आसपास: (४७, ०), (४३, १२), (३३, २३), (१८, ३१), (०, ३३).

१ साठी १.२० आणि ०.८०: (४८, ०), (४४, १२), (३४, २२), (१८, ३०), (०, ३२).

या तीन ओळी मी दिल्या आहेत त्या ताळा करायला. मुलांना आधी स्वतः काढू द्या.

आता काम वाचवण्याची युक्ती. १२ भागांना १२ चित्रं लागतील असं वाटतं. पण चढताना आलेली ०.५ ची आणि उतरतानाची ०.५ ची आकृती एकच. म्हणजे सात उरली. त्यातही उणे किमतींची कडी म्हणजे अधिक किमतींचीच कडी, फक्त पाव वळसा फिरवलेली. म्हणून चित्रं काढायची फक्त चार: ०, ०.५, ०.८७ आणि १ ची.

ही चार चित्रं १५ सेंटिमीटर बाजूच्या अचूक चौरस कार्डशीटवर काढा. ग्राफ वर ठेवून टाचणीने टोचा, भोकांवर ठसठशीत काळे ठिपके द्या. मध्यापासून उजवीकडच्या आणि वरच्या ठिपक्यांपर्यंत दोन जाड रेघा हव्यात. ते लिगोचे दोन बाहू. पण कार्ड पाव वळसा फिरवलं की या रेघाही फिरतील आणि बाहू उगीचच दुसऱ्या बाजूला जातील. त्यावर उपाय: बाहू कार्डावर काढूच नका. काळ्या कागदाच्या पट्ट्या वेगळ्या कापा आणि दर चित्राला मध्यापासून ठिपक्यापर्यंत ठेवा. लागणाऱ्या लांब्या सातच आहेत: ३२, ३३, ३६, ४०, ४४, ४७ आणि ४८ मिलिमीटर, प्रत्येकीच्या दोन पट्ट्या. मागे लांबी लिहून ठेवा.

या आकड्यांकडे एकदा नीट बघा. आडवा ठिपका ४० वरून ४४, मग ४७, मग ४८. पहिली उडी ४ ची, मग ३, मग १. टोकाशी जाताना तो आपोआप हळू होतो आणि परतताना पुन्हा वेग घेतो. हाताने ॲनिमेशन करणारे कलाकार ही चाल वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावतात. साइनच्या कोष्टकात ती तयार असते.

छायाचित्रं घेताना

मोबाइल खाली तोंड करून पक्का बसवायचा. दोन स्टुलांवर एक फळी, फळीच्या कडेबाहेर कॅमेरा, मागे वजन म्हणून वीट. खाली जाड पुठ्ठ्याची चौकट चिकटवा, जिच्यात १५ सेंटिमीटरचं कार्ड घट्ट बसेल. कार्ड काढलं, फिरवलं, परत ठेवलं तरी मध्य हलत नाही, तो चौकटीमुळेच. स्टॉप मोशनचं कोणतंही मोफत ॲप चालेल. वेग सेकंदाला १२ चित्रांचा ठेवा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. ते केलं नाही तर प्रत्येक चित्र थोडं उजळ, थोडं काळं येतं आणि फिल्म लुकलुकते. खिडकीचा उजेड सरकत राहतो, म्हणून खिडकी बंद करून एकाच दिव्याखाली काम करा, आणि लाइट जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळा. फिल्म अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि पुढची टॉर्चवर काढली तर तो जोड लपत नाही.

चित्रांचा क्रम असा लावा. पहिले दोन हेलकावे १२-१२ चित्रांचे. पुढचे दोन ६-६ चित्रांचे, म्हणजे किमती ०, ०.८७, ०.८७, ०, उणे ०.८७, उणे ०.८७. त्यापुढचे तीन ४-४ चित्रांचे: ०, १, ०, उणे १. शेवटी साध्या कड्याची १२ चित्रं. एकूण ६०, म्हणजे पाच सेकंद. कड्याचा हेलकावा मंद सुरू होऊन जलद होत जातो आणि एकदम थांबतो. हे मनाचं नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लिगो वेधशाळांना पहिली गुरुत्वीय लहर सापडली तेव्हा सेकंदाच्या पाचव्या भागात तिची कंप्रता अशीच चढत गेली, ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत, आणि लहर विरली. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली होती. खऱ्या लहरीचा जोरही चढत जातो. तेवढं करायचं तर दहा टक्के ताणाची आणखी चित्रं काढा आणि पहिले हेलकावे त्यांचे करा.

फिल्मच्या सुरुवातीला एक पाटी हवी: ताण २० टक्के दाखवला आहे, खरा एकावर एकवीस शून्यं इतक्या भागांतला एक भाग असतो. ही पाटी गाळू नका. पाहणाऱ्याला खरंच बाहू एवढे लांबतात असं वाटलं तर सगळी मेहनत उलटी पडेल.

कागदावर काढून एकेक चित्र टिपायचं याला कमीपणा मानायचं कारण नाही. १९६८ मध्ये मॉस्कोत निकोलाय कोन्स्तान्तिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी बेसम-४ या संगणकावर चालणाऱ्या मांजरीची फिल्म केली. मांजरीची चाल समीकरणांतून काढलेली, आणि प्रत्येक चित्र छपाई-यंत्राने अक्षरांनी कागदावर छापलेलं. ते कागद मग कॅमेऱ्याने एकेक टिपले. दादासाहेब फाळके यांनीही १९१२ मध्ये वाटाण्याचा अंकुर वाढताना एकेक चित्र घेऊन दाखवला आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ ही काड्या हलवून केलेली फिल्म काढली. ती आज पाहायला मिळत नाही. पण घरात काडेपेटी आहे आणि चौकट तयार आहे. ठिपक्यांऐवजी काड्या घेऊन चौकोन ढासळवून बघा. त्याचा हिशेब पहिल्या चित्राच्या वहीत आहेच.

हात बसला असेल तर तिसरं

एक आकृती दुसरीत बदलायची. आपल्याकडे हळदीचा कंद आणि हळदीचं पान घ्या. दोन्हींच्या कडेवर १६-१६ बिंदू, दोन्हीकडे एक नंबर देठाशी आणि पुढचे नंबर एकाच दिशेने. मधलं चित्र काढायला प्रत्येक बिंदूची जोडी बघा: पहिल्या जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतच्या अंतराचे आठ समान भाग करा आणि दर चित्रात एक भाग पुढे सरका. नंबरांची दिशा चुकली तर मधल्या चित्रांत कंद स्वतःलाच पीळ घालून उलटा होतो. कॅनडातले नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी हेच काम संगणकावर सोपवलं: मुख्य चित्रं कलाकाराने काढायची, मधली यंत्राने भरायची. त्यावर पीटर फोल्डेस यांनी १९७४ मध्ये ‘भूक’ या अर्थाच्या नावाची फिल्म केली; तिला कान महोत्सवात ज्यूरी पुरस्कार मिळाला.

सही कुणाची

चित्र लावण्याआधी हा वाद निघणारच. फासे टाकणारा म्हणेल माझं, हिशेब करणारा म्हणेल माझं. नोल यांनी १९६५ मध्ये त्यांच्या एका चित्राचा स्वामित्वहक्क मागितला तेव्हा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आधी नकार दिला: चित्र यंत्राने काढलं आहे. त्यांनी कळवलं की यंत्राला सूचना माणसाने लिहिल्या आहेत. मग आक्षेप आला तो योगायोगाने मिळणाऱ्या आकड्यांवर. नोल यांनी समजावलं की ते आकडेही एका गणिती नियमानेच तयार होतात, आणि शेवटी नोंदणी झाली. आपले फासे खरोखरच योगायोगाचे आहेत, त्यामुळे ते शेवटचं उत्तर आपल्याला चालणार नाही. माझ्या मते नाव नियम लिहिणाऱ्याचं मोठं, आणि खाली चौघांची.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात किंवा दसऱ्याच्या दिवसांत हे चित्र मांडाल तेव्हा शेजारी आकड्यांची वही उघडी ठेवा आणि नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. जमलं तर टेबलावर दोन फासे आणि कोरा ग्राफ पेपरही ठेवा. येणाऱ्याला सांगा, एक चौकोन तुमचा काढून जा.